चालत

गिऱ्हाईक चाकणचं. तक्ता मेलवर आला,
चव्वेचाळीस रकाने, आणि वर ठळक अक्षरांत:
आम्ही कार्बन-तटस्थ होतो आहोत.
तुमच्या एका नगामागे किती, शुक्रवारपर्यंत कळवा.

नग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.
साडेचार किलो बीड, चार तोंडं, एक घसा.
गाडीचा धूर ज्या वाटेनं बाहेर पडतो
ती वाट आम्ही ओततो, उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडात,
महिन्याला नऊ हजार.

विजेचं बिल सोपं होतं. त्यावर कन्नडमध्ये युनिट,
आकडे कुठल्याच भाषेत भांडत नाहीत.
वाळू, रेझिन, भंगार. चाकणपर्यंतचं डिझेल,
निपाणीनंतर घाट नाही म्हणून ड्रायव्हरनं थोडं कमी सांगितलं.
मी तसंच लिहिलं.

रकाना सदतीस: कामगार कामावर कसे येतात?

पॅड घेऊन फिरले.
इरफान मुल्ला, मच्छे, स्प्लेंडर. पन्नास देते म्हणाला, मी चाळीस धरलं.
शट्टुप्पा आणि त्याचा मेव्हणा एकाच गाडीवर, निम्मं निम्मं.
देसूरची पोरं टेम्पोत मागं उभी,
रोज किती, ते टेम्पोलाच ठाऊक.
कोअर शॉपची मल्लव्वा सरकारी बसनं,
पर्समधून तिकीट काढून दाखवलं: शून्य रुपये.
"मग माझंबी शून्यच लिव्ह की."
बस धूर सोडते मावशी, म्हटलं.
"तिकीट माझं हाय, धूर सरकारचा."
साहेब कारनं. एकटे.

मोनाप्पा शेवटी, भट्टीपाशी.
तीस वर्षं कुपोल्यावर होता. कोळसा, चुनखडी, भात्याचा आवाज,
आणि निळ्या काचेतून रस बघून सांगायचा,
अजून नाही. अजून नाही. आता.
कुपोला पाडला तेव्हा विटा कुणीतरी अंगणाला नेल्या.
आता भट्टी विजेची आहे, तापमान पडद्यावर येतं.
निळी काच त्याच्या खिशात असते अजून,
गेल्या ग्रहणाला सगळ्या पाळीनं तिच्यातून सूर्य बघितला.

"काय करूलालीस गे?"
कसे येता, ते लिहितेय.
"चालत. पिरनवाडीहून. कवापासनं ते इचारू नको."
मी शून्य लिहिलं आणि त्याला दाखवलं.
तो असा हसला की खोकला आला.
"ह्या हातानं ट्रकनं कोक जाळलाय पोरी,
शहापूरपतूर काळं जायचं, वाळवणं उचलायच्या बायका.
आणि मीच शून्य?"

केबिनमध्ये साहेब फोन ठेवून बसले होते.
म्हणाले, तक्ता भर, नीट भर,
पण पुढच्या मॉडेलला हा नग नाही.
ती गाडी बॅटरीवर आहे. धूरच नाही,
तर धुराची वाट कशाला?
खिडकीतून पॅटर्नची खोली दिसत होती,
सागवानी मॅनिफोल्ड फळीवर ओळीनं,
हलके, स्वच्छ, एकाच्याही घशात काजळी नाही.
मी विचारलं, मग आपण काय ओतायचं?
ते म्हणाले, ब्रेकचं काहीतरी. थांबावं तर लागेलच ना त्या गाडीलाही.
मग बराच वेळ कॅल्क्युलेटरशी बोलत राहिले.

संध्याकाळी तक्ता चढवला.
त्रेचाळीस रकाने हिरवे झाले. सदतिसावा लाल.
ओळ सोळा: मोनाप्पा पाटील.
शून्य ग्राह्य नाही. योग्य किंमत भरा.

पाळी सुटली होती. तो गेटपाशी डबा हलवत होता.
हाक मारून सांगितलं,
काका, चालत घेतात, पण शून्य चालत नाही.
त्यानं थोडा विचार केला,
खरोखर केला, निळी काच धरून करायचा तसा,
डोळे बारीक करून.
"मग एक बिडी धर," म्हणाला, "मच्छ्याच्या नाक्यापतूर पुरती."

मी ०.०१ भरलं.
रकाना हिरवा झाला.
खानापूर रोडच्या कडेनं तो निघाला होता,
आणि खरंच, हाताशी एक ठिपका,
लाल की संत्री, ते इतक्या लांबून
मला सांगता आलं नसतं. त्याला आलं असतं.